आऊटडोअर युनिट

रबाळे एमआयडीसी. प्लॉटचा नंबर आठवत नाही,
रंगाच्या कारखान्यामागची दुमजली इमारत.
मे महिना, दुपारचे तीन.
फोनवर बाई म्हणाल्या होत्या, घरत, लगेच या,
सतरा झालंय.

सतरा!
आमची गिऱ्हाइकं चोवीस की सव्वीस यावरून भांडतात,
सोळावर लावून वर गोधडी घेतात.
सतराला कुणाचा आवाज कापरा होतो
हे बावीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा ऐकलं.

आत तांबडा दिवा.
काचेच्या चंबूंत तपकिरी धूर भरल्यासारखं काहीतरी.
मी बॅटरी लावली, तर टिपणीस मॅडमनी हातच धरला.
पांढरा उजेड नको. तांबड्यात ती झोपून राहतात.
कोण?
थंड समुद्रातलं शेवाळ. त्याचं बी म्हणा हवं तर.
मोठं झालं की माडाएवढं,
पाण्याखाली उभं रान, मासे त्यात घरं करतात.

मी म्हटलं, आमच्या खाडीत दगडावर हिरवं असतं,
पाय घसरतो, तेवढंच ठाऊक.
त्या म्हणाल्या, नातं काही नाही हो,
आडनाव तेवढं एक.

तौसीफ नायट्रोजनचा सिलिंडर
जिन्यावरून एकेक पायरी चढवत होता.
मी जोडांना साबणाचा फेस लावत गेलो.
तिसऱ्या नटाला फुगा आला,
सावकाश, लहान पोराच्या नाकाला येतो तसा.

हे मरेल का आता?
लगेच नाही मरत, बाई म्हणाल्या.
कोमट पाण्यात मोठं झाड तग धरतं काही दिवस,
कडा झिजतात, पातं फाटतं, तरी उभं असतं.
पण पोरं होत नाहीत.
पोरं व्हायला त्याला थंडी लागते.
मी पान्हा फिरवत राहिलो.

नऊ वर्षांपूर्वी थर्मासमध्ये आणलं होतं त्यांनी,
विमानात सबंध रात्र मांडीवर.
विमानतळावर एकाने विचारलं, लोणचं आहे का?
ज्या किनाऱ्यावरून आणलं
तिथे आता नुसते दगड आहेत, म्हणाल्या,
आणि लगेच आकड्याकडे पाहिलं.
सोळा पॉइंट आठ.

गच्चीवर गेलो. बाहेरचा पंखा
तोंडावर भट्टी फेकत होता.
तौसीफला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
थंडी कुणी बनवत नाही रे.
आपण गरमी उचलतो, दुसरीकडे टाकतो,
कुणाच्या तरी खिडकीत.

समोर काचेच्या इमारती, पाठीवर
पेट्यांच्या रांगाच रांगा, सगळे पंखे चालू.
त्यांच्या पलीकडे ऐरोलीचा पूल,
ओहोटीची खाडी, चिखलात चारदोन रोहित
अजून न गेलेले.
दिवागावची आत्या कालवं काढायला उतरते तिथे.
परवा म्हणाली, पानी कडत लागतं रं पायाला.
मी म्हटलं, वय झालं तुझं.

हवा तापली की तीसुद्धा कुठेतरी टाकतच असणार.
उतरता उतरता मी शोधत होतो,
खाडीच्या मागे समुद्र, बरं,
समुद्राच्या मागे कोण?
त्याची पेटी कुठल्या भिंतीला लावली?
गच्ची नाही, गल्ली नाही,
शेजाऱ्याची खिडकीसुद्धा नाही.

सव्वासातला दहावर आलं.
बाईंनी चहा दिला, बशीत दोन खारी.
बिलावर लिहिलं, गॅस भरला, नट बदलला,
जाळीतली धूळ काढली.
गॅरंटीपुढे नेहमी एक वर्ष लिहितो.
पेन तिथे थोडं थांबलं. सहा महिने लिहिलं.

निघताना पुन्हा आत डोकावलो.
तांबड्या उजेडात काही हललं नाही.
दार लावा हो लवकर, मागून बाई म्हणाल्या,
थंडी जाते.

थंडी कुठे जात नसते, मॅडम.
गरमी आत येते.
हे तोंडावर आलं होतं.
दार लावलं,
आणि दोनदा ओढून पाहिलं.